जबडा सरकतो तेव्हा श्वासाची वाट

1987 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या एका गटाने दोन रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघांचाही खालचा जबडा पुढे आलेला होता. चावा जुळावा आणि चेहरा प्रमाणात यावा म्हणून तो शस्त्रक्रिया करून मागे नेला होता. त्याआधी झोपेची काही तक्रार नव्हती. नंतर मात्र दोघांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, जडला. रॉबर्ट रायली, नेल्सन पॉवेल आणि झोपेच्या आजारांचे तज्ज्ञ ख्रिस्तियन गिलेमिनो ही या गटातली प्रमुख नावं. याच मंडळींनी त्याच सुमारास, 1986 मध्ये, उलट दिशेचं कामही पुढे ठेवलं होतं: ज्यांचा श्वास झोपेत अडकतो त्यांचे जबडे पुढे आणले, तर गळ्याला भोक पाडून नळी बसवण्याची, म्हणजे ट्रेकिओस्टोमीची, पाळी टाळता येते.

जबडा मागे नेला तर श्वास अडकण्याचा धोका, पुढे आणला तर सुटका. प्रश्नाची दोन्ही टोकं अशी एकाच ठिकाणाहून, जवळजवळ एकाच वेळी समोर आली. पुढच्या चार दशकांत जपान, कोरिया, अमेरिका, युरोप आणि भारतातही यावर भरपूर लिहिलं गेलं. ते सगळं नजरेखालून घातलं की दिशेबद्दल फारशी शंका उरत नाही. किती फरक पडतो, कोणाला पडतो आणि तो किती वर्षं टिकतो, इथे मात्र पुरावा पातळ होत जातो. तरीही एवढं म्हणण्याइतका तो नक्कीच आहे की जबड्याच्या शस्त्रक्रियेचा बेत दात आणि चेहरा या दोनच गोष्टी समोर ठेवून आखणं आता योग्य नाही. रुग्ण झोपतो कसा, हे सुरी उचलण्याआधी विचारलंच पाहिजे.

हाडाचा आणि श्वासाचा संबंध येतो कुठून, ते आधी पाहू. नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार आहे. स्वरयंत्राखालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. यांच्या मधला घसा मात्र नुसत्या स्नायूंचा आणि मऊ पेशींचा. तो तसा असावाच लागतो, कारण त्याच जागेतून आपण गिळतो, त्याच जागेत आवाजाला आकार देतो. या मऊ नळीची पुढची भिंत दोन ठिकाणी जबड्याला बांधलेली आहे. मऊ टाळू वरच्या जबड्याच्या मागच्या कडेला लोंबते. जिभेचा सर्वांत मोठा स्नायू, जीनिओग्लॉसस, हनुवटीच्या आतल्या बाजूला असलेल्या हाडाच्या एका छोट्या उंचवट्यापासून निघतो. त्याखाली, गळ्याच्या पुढच्या भागात, हायॉइड नावाचं नालाच्या आकाराचं हाड आहे. ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही, स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने नुसतं टांगलेलं आहे, आणि त्यातले काही स्नायू खालच्या जबड्यापासून येतात. त्यामुळे जबडा हलला की टाळू, जीभ आणि हायॉइड ही तिन्ही हलतात. बाजेची सैल पडलेली नवार ओढून घेतली की ती पुन्हा अंग तोलून धरते. जबडे पुढे आणल्यावर घशाच्या भिंतींचं तसंच होतं. चौकट आखडली तर नवारीला झोळ पडतो.

जागेपणी हा झोळ जाणवत नाही. श्वास घेताना घशात जो ओढा तयार होतो त्याला उत्तर म्हणून जीनिओग्लॉसस दर श्वासाला ताणला जातो आणि जीभ पुढे धरतो. झोप लागली की हा पहारा ढिला पडतो. उताणं झोपलं की जीभ आपल्या वजनाने मागे जाते. नळी अरुंद झाली की हवेला होणारा विरोध किती झपाट्याने वाढतो, हे भौतिकशास्त्रातल्या प्वाझयच्या नियमाने समजतं: त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळापट होतो. घशातला प्रवाह त्या नियमाइतका शिस्तीचा नसतो, पण एखाद-दोन मिलिमीटरला इथे एवढं मोल का, ते यावरून कळावं. श्वास किमान 10 सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तासाला असे किती प्रसंग होतात, पूर्ण अडकण्याचे आणि अर्धवट अडकण्याचे मिळून, त्या आकड्याला डॉक्टर एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

शस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. खालच्या जबड्यावरची अशी पहिली शस्त्रक्रिया सायमन हलिहेन यांनी अमेरिकेत व्हीलिंग इथे 1849 मध्ये केली, असं मानलं जातं. वरच्या जबड्याची चीर रेने ले फोर या फ्रेंच सर्जनच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी 1901 मध्ये, मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून, चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते दाखवलं. आज सर्जन ‘ले फोर वन’ करतात तेव्हा त्यातल्याच सर्वांत खालच्या रेषेवर हाड ठरवून सुटं करतात. पण या क्षेत्राचा खरा पाया घातला तो झुरिकच्या ह्यूगो ओबवेगेसर यांनी. 1950 च्या दशकात त्यांनी खालच्या जबड्यासाठी जी पद्धत बसवली, ती थोड्याफार बदलांसह आजही रोज वापरली जाते. तोंडाच्या आतूनच काम होतं, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. शेवटच्या दाढेच्या मागे हाड आडवं तोडत नाहीत, तर त्याच्या जाडीतून उभं चिरतात, म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दोन फळ्या होतात. कानाजवळचा सांधा ज्या फळीला आहे ती जागेवर राहते. दात आणि हनुवटी जिला आहेत ती पुढे किंवा मागे सरकवून, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूने पक्की करतात. या दोन फळ्यांच्या मधूनच खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. ती जपत हाड उलगडणं ही सर्जनच्या हाताची खरी परीक्षा असते. पुढे आणायचं असो वा मागे न्यायचं, चीर हीच. सारा फरक दिशेचा.

आता मागे नेण्याचं पाहू, कारण चिंता तिथे आहे. पुढे आलेला खालचा जबडा पूर्व आशियात तुलनेने जास्त आढळतो, त्यामुळे या शस्त्रक्रियेच्या परिणामांवरचं बरंच लेखन जपान आणि कोरियातून आलं. दक्षिण कोरियात तर दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया केवळ चेहरेपट्टीसाठी करून घेण्याची मोठी लाट येऊन गेली. या अभ्यासांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. जबडा मागे गेला की जिभेमागची जागा घटते. हायॉइड खाली आणि मागे सरकतं. काही महिन्यांत शरीर थोडं जुळवून घेतं: हायॉइड थोडं परततं आणि रुग्ण नकळत मान किंचित मागे टाकून डोकं धरू लागतो, त्यामुळे घसा थोडा उघडतो. जपानमधल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर लगेच झोपेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घसरलं आणि महिनाभरात पूर्ववत झालं. ज्या अभ्यासांत झोपेची रीतसर तपासणी केली, त्यांतल्या बहुतेक तरुण, सडपातळ रुग्णांचा एएचआय आजाराच्या पातळीपर्यंत वाढलेला दिसत नाही.

हे वाचून पुष्कळ सर्जन निर्धास्त होतात. मला तसं होता येत नाही. हे रुग्ण विशीतले आहेत आणि त्यांना तपासलंय ते सहा महिन्यांनी, फार तर वर्ष-दोन वर्षांनी. विशीत घशाचे स्नायू सतर्क असतात, गळ्यात चरबी नसते. स्लीप ॲप्निया हा मुख्यतः मध्यम वयात डोकं वर काढणारा आजार आहे. वजन वाढतं, स्नायूंचा ताण उतरतो, आणि बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो. विशीत चार-पाच मिलिमीटरची जागा गमावलेला माणूस पन्नाशीत त्या वळणावर येतो तेव्हा त्याच्या हाताशी शिल्लक कमी असते. ती कमी पडते की नाही, हे एका वर्षाच्या पाठपुराव्यात दिसणं शक्यच नाही. स्टॅनफर्डचे ते दोन रुग्ण आकड्याने दोनच होते, पण धोका कुणाला आहे ते त्यांनी दाखवून दिलं: ज्यांच्याकडे मुळात राखीव जागा थोडी, त्यांना.

व्यवहारात मात्र एक चांगला बदल झाला. पूर्वी फक्त खालचा जबडा मागे नेऊन काम संपवत. आता अशा रुग्णांत बरेचदा वरचा जबडा पुढे आणतात आणि खालचा कमी मागे नेतात, म्हणजे विसंगती दोघांत वाटून घेतात. वरचा जबडा पुढे आला की मऊ टाळूमागची जागा वाढते आणि जिभेमागच्या घटीची काही भरपाई होते. घट पूर्ण भरून निघते असं नाही, पण एकट्या खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती कमी असते. अनेकांत हा बदल चेहऱ्यालाही मानवतो, कारण त्यांचा वरचा जबडाच मुळात आखूड असतो. भारतात वेगळी अडचण जास्त दिसते. दोन्ही जबड्यांचे समोरचे दात आणि ओठ पुढे आलेले असतात, आणि उपदाढा काढून फक्त समोरचा हाडाचा तुकडा मागे घेतात. त्यात हनुवटीमागचा स्नायूचा उंचवटा आपल्या जागी राहतो, म्हणून संपूर्ण जबडा मागे नेल्याचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावू नयेत.

दुसरी बाजू, जबडे पुढे आणण्याची, ही या क्षेत्राने वैद्यकाला दिलेली मोठी देणगी आहे. 1981 पर्यंत तीव्र स्लीप ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, ट्रेकिओस्टोमी. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र मांडलं. त्याच वर्षी टाळू आणि पडजिभेचा भाग कापून घसा मोकळा करण्याची शस्त्रक्रियाही अमेरिकेत रूढ होऊ लागली. 1996 मध्ये तिच्या निकालांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा यशाचं प्रमाण जेमतेम 40 टक्क्यांच्या आसपास निघालं. मऊ भाग कापून भागत नाही, चौकटच मोठी करायला हवी, हा विचार त्या काळातच बळावत होता.

दोन्ही जबडे साधारण 10 मिलिमीटरपर्यंत पुढे आणण्याच्या या शस्त्रक्रियेला मॅक्सिलोमँडिब्युलर ॲडव्हान्समेंट म्हणतात, रोजच्या बोलण्यात एमएमए. 2010 साली होल्टी आणि गिलेमिनो यांनी 627 प्रौढ रुग्णांचे निकाल एकत्र केले. सरासरी एएचआय 63.9 वरून 9.5 वर आला होता. तासाला चौसष्ट वेळा, म्हणजे जवळपास दर मिनिटाला, ज्याचा श्वास अडकत होता त्याचा तो आता तासात नऊ-दहा वेळा अडकतो. 2016 मध्ये 518 रुग्णांची स्वतंत्र तपशिलांसह पुन्हा मांडणी झाली आणि चित्र तेच राहिलं: यश 85.5 टक्के, पूर्ण बरे 38.5 टक्के. इटलीत 50 तीव्र रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना दाब आपोआप जुळवणारं यंत्र दिलं, तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले. शस्त्रक्रियेच्या जगात असे अभ्यास दुर्मीळ असतात.

यश आणि बरं होणं यांच्यात जे अंतर आहे ते मात्र रुग्णाला समजावून सांगितलंच पाहिजे. या क्षेत्रात ‘यश’ म्हणजे एएचआय निम्म्याहून खाली आणि 20 च्या आत. पण 18 चा एएचआय म्हणजे अजूनही मध्यम प्रतीचा आजार. 5 च्या खाली गेला तरच ‘बरा’ म्हणतात, आणि तिथवर दहांतले चारच पोचतात. तीव्र आजाराच्या माणसासाठी तेवढी सुधारणाही आयुष्य बदलणारी असते: गाडी चालवताना डुलकी लागत नाही, रक्तदाब आटोक्यात येतो, शेजारी झोपणाऱ्याची रात्र सुधारते. पण ‘पंच्याऐंशी टक्के यश’ ऐकून शस्त्रक्रियेला उभा राहिलेला माणूस पूर्ण बरं होण्याची आशा धरतो, आणि त्याला अर्धवट माहिती देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. किंमतही सांगायला हवी. शस्त्रक्रियेनंतर ओठ-हनुवटीला बधिरपणा जवळजवळ प्रत्येकाला येतो. वर्षभरात बहुतेकांचा जातो, काहींचा राहतो. मोठी गुंतागुंत सुमारे एक टक्क्यात. आणि हे रुग्ण चाळिशी-पन्नाशीतले, अनेकदा रक्तदाब-मधुमेहाचे, म्हणून विशीतल्या रुग्णापेक्षा त्यांची काळजी अधिक घ्यावी लागते.

एमएमए काम कसं करते, याचं उत्तर अलीकडे बदललं आहे. पूर्वी वाटायचं की घसा पुढून-मागे रुंदावतो म्हणून गुण येतो. पण झोपेच्या औषधाने गुंगी आणून नाकातून दुर्बिणीची नळी घालून पाहिलं, तेव्हा सर्वांत मोठी सुधारणा घशाच्या बाजूच्या भिंतींत दिसली. रुग्णाचा घसा झोपेत दोन्ही कुशींनी आत येतो, आणि जबडे पुढे आल्यावर या भिंती ताणल्या जाऊन ताठ राहतात. जागा किती वाढली यापेक्षा भिंत किती स्थिर झाली हे महत्त्वाचं. ज्यांच्या घशाचं घनफळ फारसं वाढलेलं नसतं, तेही कधी कधी बरे का होतात, ते यातून समजतं.

इथे मोजमापाबद्दल बोलायला हवं, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ तिथेच आहे. 1931 पासून दातांचे डॉक्टर डोक्याचा एका बाजूने काढलेला एक्स-रे, सेफॅलोग्राम, वापरत आले आहेत. त्यात जिभेमागे एक काळी पट्टी दिसते. तिची रुंदी मोजून बरंच लिहिलं गेलं. पण ती एका सपाट चित्रातली रुंदी आहे. बाजूच्या भिंती तिथे दिसतच नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोन बीम सीटी आला आणि संगणकावर घसा त्रिमितीत, रंगवून पाहता येऊ लागला: अरुंद जागा लाल, रुंद जागा हिरवी-निळी. आधीचं चित्र लाल, नंतरचं हिरवं, अशी जोडी क्लिनिकच्या पडद्यावर आणि आता मोबाइलवरही सर्रास दिसते. पाहणारा भारावून जातो. पण हा स्कॅन काढताना रुग्ण बहुधा बसलेला किंवा उभा असतो, जागा असतो, आणि तंत्रज्ञाच्या सूचनेनुसार हलत नसतो. त्या क्षणी त्याने श्वास घेतला की सोडला, जीभ टाळूला लावली होती की खाली, मान किती वर होती, आवंढा गिळला का, यावर घशाचा आकार बदलतो. त्याच माणसाचा दुसऱ्या दिवशी काढलेला स्कॅन वेगळा आकडा देऊ शकतो. शिवाय घसा कुठून कुठपर्यंत मोजायचा, याच्या सीमा प्रत्येक अभ्यासात निराळ्या. अमेरिकेतल्या ऑर्थोडोंटिस्टांच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेने 2019 मध्ये आपल्या सभासदांसाठी जे निवेदन काढलं त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अशा चित्रांवरून स्लीप ॲप्नियाचं निदान करू नये. निदान झोपेच्या तपासणीनेच होतं. जबडा पुढे आणल्यानंतरचा हिरवा रंग हा हाडाच्या कामाचा पुरावा आहे. झोपेत काय घडतंय ते रात्रभर लावलेल्या तारा सांगतील.

नाकाबद्दल थोडक्यात. वरचा जबडा वर उचलला, म्हणजे हसताना जास्त दिसणाऱ्या हिरड्या झाकण्यासाठी तो आत बसवला, तर नाकाचा तळ वर येतो आणि श्वास कोंडेल, अशी साहजिक भीती होती. मोजून पाहिलं तेव्हा बहुतेकांत नाकातला विरोध वाढण्याऐवजी घटला. कारण नाकाच्या तोंडाशी, नाकपुडीच्या आत जी सर्वांत अरुंद जागा असते, ती या शस्त्रक्रियेत थोडी रुंदावते. अट एवढीच की नाकाच्या मधल्या पडद्याला जागा करून द्यायला हवी. न दिल्यास तो वाकतो.

वरचा जबडा पुढे आणल्याने श्वास सुधारतो पण बोलणं बिघडू शकतं, असा एक गट आहे आणि त्याचा विचार या चर्चेत फार कमी होतो. दुभंगलेल्या टाळूसह जन्मलेल्या मुलांचा. त्यांची टाळू लहानपणी शिवलेली असते, व्रणामुळे वरचा जबडा नीट वाढत नाही, आणि मोठेपणी चेहऱ्याचा मधला भाग खोलगट दिसतो. जबडा पुढे आणला की टाळूही पुढे जाते. शिवलेली, आखूड टाळू बोलताना मागच्या भिंतीपर्यंत पोचून नाकाची वाट बंद करू शकली नाही, तर ‘प’, ‘क’, ‘च’ म्हणताना हवा नाकातून निसटते. ‘पपई’ शब्दातले ‘प’ मऊ पडून ‘म’कडे झुकतात, ‘काका’चा ठसका जातो. मराठीत महाप्राण व्यंजनांची रेलचेल आहे, ‘ख’, ‘घ’, ‘फ’, ‘भ’, आणि या सगळ्यांना तोंडात हवा कोंडावी लागते. ज्या घशाच्या रुंदीला स्लीप ॲप्नियात यश म्हणतात, तीच रुंदी या मुलांसाठी तोटा ठरते. म्हणून अशा रुग्णाची वाचा शस्त्रक्रियेआधी वाचातज्ज्ञाने तपासणं अत्यावश्यक आहे. काही केंद्रांत जबडा एका दमात न आणता उपकरणाने हळूहळू पुढे ओढतात, किंवा फक्त पुढचा दातांचा भाग ओढून टाळूला हातच लावत नाहीत.

भारतात या विषयाचा सर्वांत हृदयद्रावक भाग लहान मुलांचा आहे. मूल हनुवटीवर पडतं, कानासमोरच्या सांध्याला मार बसतो, आईवडिलांना वाटतं थोडी सूज आहे, उतरेल. कधी कान वाहण्याच्या जंतुसंसर्गातून हेच होतं. सांधा हाडाने जुळून जातो, त्याला टीएमजे ॲंकायलोसिस म्हणतात. तोंड उघडेनासं होतं आणि त्या बाजूच्या वाढीचं केंद्रच जळाल्यामुळे खालचा जबडा वाढत नाही. काही वर्षांत हनुवटी गळ्याला टेकल्यासारखी दिसते. अशी मुलं रात्री बसून झोपतात, घोरतात, घामाने भिजतात, शाळेत पेंगतात. तोंड उघडत नाही म्हणून घरचे दंतवैद्याकडे जातात, आणि घोरणं हा निराळा मुद्दा समजून कुणी सांगतच नाही. इथे क्रमाला महत्त्व येतं. सांधा मोकळा करून तोंड उघडलं, पण जबडा आखूडच राहिला, तर रात्रीचा श्वास तसाच अडकत राहतो. म्हणून श्वासाचा त्रास गंभीर असेल तर आधी जबडा लांब करतात, सांधा नंतर सोडवतात.

जबडा लांब करण्याची ही रीत न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी 1992 मध्ये चेहऱ्यासाठी मांडली. मुळात ती सैबेरियातल्या कुर्गानच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांनी पायाच्या हाडांसाठी रुजवलेली. हाडाला चीर देऊन दोन तुकड्यांना स्क्रूचं उपकरण बसवतात. पाच-सात दिवस थांबतात. मग रोज एक मिलिमीटर, सहसा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा, असा स्क्रू फिरवतात. मधल्या फटीत नवं हाड धरतं. हे फिरवणं बहुधा घरी आईच करते, डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या चावीने, वहीत खूण करत. पंधरा-वीस दिवसांत हनुवटी पुढे येते, आणि कित्येक घरांत आईला सर्वांत आधी जाणवतो तो रात्रीचा आवाज थांबल्याचा फरक. जन्मतःच जबडा आत असलेल्या, पिअर रॉबिन सीक्वेन्स म्हणतात त्या बाळांनाही या रीतीने ट्रेकिओस्टोमीपासून वाचवता येतं. इथे जबड्याची शस्त्रक्रिया आणि श्वासाची शस्त्रक्रिया यांत काही फरकच उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्रींचा वेगळा विचार करावा लागतो. जबडा पुढे नेलेला असो वा मागे, सूज 48 ते 72 तासांत सर्वाधिक होते, नाक रक्ताने आणि सुजेने कोंडलेलं असतं, दातांना रबर लावलेले असतात. पूर्वी जबडे तारेने बांधून ठेवत तेव्हा उशाशी तार कापायची कात्री ठेवण्याचा दंडक होता. पट्ट्या-स्क्रू आल्यापासून तशी वेळ क्वचित येते. पण आधीपासून स्लीप ॲप्निया असलेल्या रुग्णाला या रात्री साध्या वॉर्डात ठेवू नये, आणि वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषधं हात राखूनच द्यावीत, कारण ती श्वास मंदावतात. पहिले दोन दिवस उशी उंच, नाक साफ आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी, एवढं तर हवंच.

आता हे सगळं आपल्याकडे का टोचतं ते सांगतो. 2004 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या मुंबईकर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. झोपेत श्वासाची गडबड, म्हणजे एएचआय 5 किंवा जास्त, 19.5 टक्के पुरुषांत आढळली, म्हणजे पाचातल्या एकात. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार 7.5 टक्क्यांत. आशियाई लोकांत हा आजार तुलनेने कमी वजनावरही होतो, आणि जबड्यांची ठेवण हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपण मात्र अजून घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे तब्येत चांगली, असंच धरून चालतो.

शस्त्रक्रियेपूर्वी ॲप्निया ओळखण्यासाठी जगभर स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात, 2008 मध्ये टोरांटोत तयार झालेली. घोरता का, दिवसा थकता का, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का. मग वजन, वय पन्नाशीपुढे का, गळ्याचा घेर आणि पुरुष की स्त्री. यादी उपयोगाची आहे. पण तिच्यात जबड्याबद्दल एकही प्रश्न नाही. चोवीस वर्षांची सडपातळ मुलगी, हनुवटी आत गेलेली, सकाळी डोकं जड घेऊन उठणारी, या यादीत जवळजवळ शून्यावर बसते. आणि ऑर्थोडोंटिस्टच्या खुर्चीत बसणारी नेमकी तीच असते. चेहऱ्याची बाजूने छायाचित्रं घेणारा, सेफॅलोग्राम काढणारा, जबड्याचं मोजमाप करणारा माणूस तिथेच समोर बसलेला आहे. दिवसा पेंग येते का, घरात कुणी तुझ्या घोरण्याबद्दल बोलतं का, सकाळी तोंड कोरडं पडतं का, हे विचारायला त्याला दोन मिनिटं पुरतात. उत्तर ‘हो’ आलं तर शस्त्रक्रियेआधी झोपेची तपासणी. जबडा मागे नेण्याचा बेत असेल तर लक्षणं नसतानाही ती करून घेण्याकडे माझा कल आहे, निदान मोठ्या हालचालीच्या आणि वजन जास्त असलेल्या रुग्णांत. घरी करता येणाऱ्या तपासण्या आता मोठ्या शहरांत मिळतात आणि शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चापुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे. विम्याच्या दृष्टीनेही त्या नोंदीला मोल आहे, कारण जबड्याची शस्त्रक्रिया ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारली जाण्याची शक्यता असते. आधीचा एएचआय कागदावर असेल तर आजारासाठीची शस्त्रक्रिया आजार म्हणून मांडता येते.

राहिला सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न, पन्नाशीचा. भारतात ज्यांचे जबडे 1990 आणि 2000 च्या दशकांत मागे नेले गेले, ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचे एक्स-रे अनेक दंतमहाविद्यालयांच्या कपाटांत आणि संगणकांत असतील, पत्ते केसपेपरवर असतील. त्यांना पत्र पाठवून एका रात्रीची तपासणी करून घेतली, तर तीस वर्षांपूर्वी मागे सरकलेल्या मिलिमीटरांची किंमत आज काय आहे, ते थेट त्यांच्याच झोपेतून कळेल. हे काम महागडं नाही, आणि ते जितकं लांबेल तितके ते केसपेपर हरवत जातील.